५०० की ७००? सोसायटीच्या गाळाचा बायोचार करताना तापमान कसं ठरलं: नाशिकचं एक प्रकरण

हे प्रकरण पाथर्डी फाट्याच्या पुढच्या तीन सोसायट्यांचं आहे. तिघांचा मिळून एकच एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आणि तो चालवायचं काम माझ्याकडे. त्यातून निघणाऱ्या गाळाचा बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करताना किती तापवायचं हा आमचा प्रश्न. सोसायट्यांची, दुकानाची, माणसांची नावं देत नाही, आकडे मात्र आमच्या वहीतले आणि लॅब रिपोर्टमधले आहेत तसेच देतोय, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा असं लिहिलेलं काहीतरी वाचायला मिळालं असतं तर आमचे चार-पाच महिने तरी वाचले असते.

पार्श्वभूमी

नऊशेच्या आसपास फ्लॅट, खाली दुकानांची एक रांग. गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून रोज चारशे किलोच्या आसपास ओला केक निघतो. केक म्हणजे दिसायला घट्ट चिखल, पण त्यात ८० टक्के पाणीच असतं, कोरडं धरलं तर फक्त ८० किलो. हा केक एक ट्रॅक्टरवाला महिन्याच्या ठरलेल्या पैशात उचलून न्यायचा आणि कुठे टाकतो ते कोणी विचारायचं नाही. मीही नाही विचारलं, हे आधीच सांगून टाकतो. मग एका पावसाळ्यात खालच्या वस्तीतल्या लोकांनी नाल्यात काळा गाळ आल्याचे फोटो चेअरमन साहेबांना पाठवले. तो नाला वालदेवीला मिळतो, म्हणजे पुढे गोदावरीच. त्यात २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येत होता, नदीच्या पाण्याकडे सगळ्या शहराचं लक्ष होतं. ट्रॅक्टर त्याच आठवड्यात बंद केला आणि केकचा ढीग आवारात साचायला लागला.

नेमकी अडचण

अडचण दोन थरांची होती. पहिली, पावसाळ्यात चारशे किलो ओला गाळ रोज ठेवायचा कुठे. ही सगळ्यांना दिसत होती, नाकाला कळत होती. दुसरी म्हणजे या गाळात नक्की आहे काय, आणि ती तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हती. सगळे म्हणत होते घरगुती सांडपाणी आहे, केमिकल कुठून येणार.

काय काय पर्याय होते

कंपोस्टचा विचार सगळ्यात आधी झाला. बागेचा पालापाचोळा, कापलेलं गवत यात गाळ मिसळायचा, ढिगाचा प्रत्येक भाग तीन-चार दिवस तरी ५५ डिग्रीच्या वर राहील असं बघायचं म्हणजे जंतू आणि जंताची अंडी मरतात. पद्धत चांगली आहे, आजही कोणी विचारलं आणि जागा असेल तर मी आधी हेच सांगेन. आमच्याकडे रोज लागेल इतका पालापाचोळा नव्हता आणि ढिगाला जागा होती ती नेमकी मुलांच्या मैदानाला लागून, त्यामुळे मीटिंगमध्ये दहा मिनिटांत विषय संपला. सिमेंट भट्टीला इंधन म्हणून द्यायचं तर आमचा माल फार थोडा आणि ओला, कोणी फोनसुद्धा परत केला नाही.

मग बायोचार. म्हणजे कोरडा गाळ हवा न देता बंद ड्रममध्ये तापवायचा, पेटू द्यायचा नाही, त्यातला वायू निघतो तोच भट्टीखाली जाळायचा आणि आत कोळसा उरतो. एका विक्रेत्याचं माहितीपत्रक कमिटीच्या ग्रुपवर फिरत होतं, त्यात ७०० डिग्री म्हणजे सर्वोत्तम दर्जा, कार्बन क्रेडिट (कार्बन जमिनीत अडकवल्याबद्दल मिळणारे पैसे) वगैरे सगळं होतं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "सर, जितकं जास्त तापवू तितकं शुद्ध होणार ना, मग सातशेच घ्या की." हाच प्रश्न आमच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होता आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

तापमान वाढवलं की काय होतं ते जसं मला समजलं तसं सांगतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सांडपाण्याच्याच गाळावर एक अभ्यास झाला, त्यात ३०० डिग्रीला कोळसा ७२ टक्के उरला आणि ७०० ला ५२ टक्के. नायट्रोजन ३.३ टक्क्यांवरून १.२ वर आला. पीएच ३०० ला ५.३ होता, म्हणजे आम्ल, आणि ७०० ला थेट १२, म्हणजे जवळजवळ चुन्याची निवळी. गाळातले चुनखडीसारखे क्षार तेवढ्या उष्णतेत फुटायला लागतात, कॅल्शियम मोकळा होतो आणि पीएच उडतो. लाकडाच्या कोळशात बहुतेक सगळा कार्बन असतो, गाळाचं तसं नाही, गाळात माती-क्षारच इतके असतात की कोळशाचा अर्ध्याहून जास्त भाग राखच असते, आणि तापमान वाढवाल तसं राखेचं प्रमाण वाढतं. म्हणजे ७०० ला नेलं म्हणून कार्बन जास्त मिळतो असं गाळाच्या बाबतीत नाहीच. जो उरतो तो जास्त टिकाऊ असतो, एवढं खरं.

आता धातू. तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम हे या तापमानाला उडून जात नाहीत. गाळाचं वजन घटतं, धातू तेवढेच राहतात, म्हणजे किलोमागे त्यांचं प्रमाण वाढतं. शंभर किलोचे पंचावन्न किलो झाले की तेच तांबं आता पंचावन्न किलोत. पण तो धातू मातीत किती सुटतो, मुळांना किती मिळतो, ते तापमान वाढेल तसं कमी होतं कारण तो कोळशात आणि क्षारांत घट्ट अडकतो. एकाच रिपोर्टमध्ये एकूण आकडा वर जातो आणि सुटणारा आकडा खाली. हे न समजता रिपोर्ट वाचला की भांडणं होतात, आमच्याकडे झाली. पारा ३५७ डिग्रीलाच उकळतो म्हणून तो वायूत जातो, कॅडमियम ७६७ ला उकळतो आणि त्याच्या आधीच थोडा थोडा निघायला लागतो, म्हणजे सातशेच्या भट्टीत तो कोळशातून कमी होतो खरा पण धुराड्यातून बाहेर पडतो. आमची भट्टी फ्लॅटच्या खिडक्यांपासून दोनशे मीटरवर. धुरातला कॅडमियम पकडायचा फिल्टर आमच्या बजेटमध्ये नव्हता. माझ्यापुरतं सातशे तिथेच संपलं होतं, पण कमिटीला आकडे दाखवल्याशिवाय पटणार नव्हतं.

काय केलं

अंबडच्या एका फॅब्रिकेटर भाऊंकडून ४० किलो कोरडा गाळ मावेल असा छोटा ड्रम बनवून घेतला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी विचारून घेतलं, हे कोणी टाळू नये, भट्टी पेटवल्यावर विचारायला जाणं चुकीचं. ठरवलं की ३५०, ५०० आणि ६५० अशा तीन तापमानांना प्रत्येकी तीन बॅच काढायच्या.

पहिली बॅच दिवसभर शंभर डिग्रीच्या वर गेलीच नाही. गाळ हाताला कोरडा लागत होता, लॅबने ओलावा ३५ टक्के सांगितला. पाणी आहे तोवर तापमान शंभरला अडकून बसतं आणि सगळं लाकूड पाणी उडवण्यात जातं. साधा हिशोब मांडा: ८० टक्के पाण्याचा एक टन केक १० टक्के ओलाव्यावर आणायचा तर साधारण ७८० किलो पाणी उडवायला लागतं. ते लाकडावर करणं परवडणारच नाही, ऊनच पाहिजे. इथे नानांनी मार्ग काढला. नाना म्हणजे आमच्या एका रहिवाशाचे सासरे, निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांच्याकडे जुन्या पॉलीहाऊसचा कागद पडून होता, त्याची शेड उभी केली, आत जाळीचे मांडव, पातळ थर, दिवसातून दोनदा दाताळ्याने हलवणं. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत माल तयार, पावसाळ्यात तीन आठवडे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ५०० ची पहिली बॅच निघाली ती तपकिरी, तेलकट, हातात घेतली तर बोटांना डांबरासारखा वास. मीटर तर तासभर ५०० दाखवत होता. भाऊंनी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर, कुठे लावलाय बघितलं तर ड्रमच्या पत्र्याला लागून. दुसरा थर्मोकपल लांब दांडीचा घेऊन मालाच्या मधोमध घातला, तर पत्र्याला ५०० असताना मध्ये ३९०. म्हणजे आम्ही जिला पाचशेची बॅच म्हणत होतो ती चारशेची पण नव्हती. ती लॅबला जाणार होती, पाकिटावर लेबलसुद्धा लावून झालं होतं. कोणाच्याही बायोचारचं तापमान ऐकलं की मी आता आधी विचारतो, कुठलं तापमान, पत्र्याचं की पोटातलं, आणि किती वेळ. आम्ही नियम केला की मधल्या थर्मोकपलने आकडा गाठल्यावर एक तास मोजायचा, त्याआधीचा वेळ धरायचा नाही.

अजून दोन चुका थोडक्यात. एकदा ड्रम गरम असताना उघडला, हवा लागली आणि कोळसा आतल्या आत पेटून राखाडी राख झाली. तेव्हापासून रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. आणि एकदा थंड होताना वायूची नळी बंद झाली, वाफा परत मालावर बसल्या, मालाला वास आला. त्या वाफांमध्येच कॅन्सर करणारी पीएएच रसायनं असतात, त्यामुळे वास येणारी बॅच कितीही काळीभोर दिसली तरी बाजूला.

मग नीट झालेल्या बॅचेसचे रिपोर्ट आले. ४० किलोचे ३५० ला २८ किलो उरले, ५०० ला २२.८, ६५० ला २१. पीएच ६.४, ७.६ आणि १०.३. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे. धातूंचं पान उघडलं आणि मीटिंग शांत झाली.

कोरड्या गाळात किलोमागे तांबं २४० मिलिग्रॅम, जस्त ६४०, निकेल ४१. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला मर्यादा आहेत, तांबं ३००, जस्त १०००, निकेल ५०. म्हणजे गाळ स्वतः पास. ५०० च्या कोळशात मात्र तांबं ४२० च्या आसपास, जस्त ११२०, निकेल ७२, तिन्ही नापास. ६५० ला अजून वर. आणि त्याच रिपोर्टमध्ये डीटीपीए चाचणीत, म्हणजे मुळांना मिळू शकेल असा धातू मोजतात त्यात, ३५० च्या मालातून तांबं भरपूर सुटत होतं, ५०० ला एकदम खाली आणि ६५० ला त्याहून थोडंसंच कमी.

पहिला मोठा निर्णय इथे होता. सेक्रेटरी साहेबांचं म्हणणं, "कंपोस्टमध्ये एकास तीन मिसळा, आकडा आपोआप तीनशेच्या आत येतो." आकडा येतो, बरोबर आहे. पण जमिनीत जाणारं एकूण तांबं तेवढंच राहतं, फक्त जास्त पोत्यांत विभागून जातं. मी नाही म्हटलं आणि दोन मीटिंगा त्यावर गेल्या. शेवटी चेअरमन साहेबांनी जो प्रश्न विचारला तो मला आधीच सुचायला हवा होता: "आपल्या घरांच्या पाण्यात निकेल येतं कुठून?"

पाइप, नळ, साबण, औषधं यातून जस्त आणि तांबं थोडं येतंच, निकेल इतकं नाही. तिन्ही सोसायट्यांच्या चेंबरचे वेगवेगळे नमुने घेतले, मग दुकानांच्या रांगेचा वेगळा. सापडलं तिथेच. एका दुकानात समया, देवाच्या मूर्ती, तांब्या-पितळेच्या भांड्यांना पॉलिश करून निकेल चढवून द्यायचं काम चालायचं, आणि धुतलेलं पाणी रात्री मोरीत. तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं की मोरी आणि एसटीपी एकच. चेअरमन साहेब स्वतः जाऊन बसले, तीन महिने मुदत दिली, त्याने ते काम दुसऱ्या जागी हलवलं.

दुसरा निर्णय माल वापरायचा कुठे. नानांना तो द्राक्षाला हवा होता. द्राक्षावर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, फवारतात, त्यावरून त्यांनी हिशोबही मांडला, "आम्ही एक टक्का बोर्डो एकरी चारशे लिटर मारतो, त्यात चार किलो मोरचूद जातं, म्हणजे एक किलो तांबं. तुमचा कोळसा दोन टन टाकला तरी तेवढंच. मग घाबरता कशाला?" हिशोब साधारण बरोबर. मोरचूदात पाव हिस्सा तांबं असतंच. पण कृषीच्या मॅडम आमच्याबरोबर होत्या, त्या म्हणाल्या, "नाना, वर्षानुवर्षं बोर्डो मारलेल्या जमिनीत आधीच साचलंय, म्हणूनच अजून नको." त्यातून नानांची द्राक्षं युरोपला जातात, आणि ग्लोबलगॅप या निर्यातीला लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या नियमांत मानवी मैल्याचा गाळ, प्रक्रिया केलेला असो नाहीतर नसो, वापरायला बंदी आहे. कोळसा केला म्हणजे तो गाळ राहिला का नाही यावर ऑडिटरशी वाद घालायला एका शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न पणाला लावायचं, हे मला मान्य नव्हतं. युरोपच्या खत नियमातही बायोचारला जागा आहे पण सांडपाण्याच्या गाळापासूनचा त्यातून वगळलाय. नाना नाराज झाले, पण कुंड्यांच्या चाचणीला स्वतःच्या शेतातली माती त्यांनीच दिली.

त्या चाचणीनेच तापमानाचा निकाल लागला. नानांची काळी माती, पीएच ८.२, तिच्यात पाच टक्के कोळसा, वर मेथी पेरली. ३५० च्या कुंड्यांत उगवण उशिरा आणि विरळ, वर बुरशी, पण जी रोपं जगली ती सगळ्यात हिरवीगार, कारण नायट्रोजन उरलेला. ६५० च्या कुंड्यांत उगवण चांगली आणि तीन आठवड्यांनी पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोहाची कमतरता, नाशिकच्या चुनखडीच्या जमिनीतल्या कुठल्याही बागायतदाराला हे पान लांबून ओळखता येतं. बाहेरच्या लेखांमध्ये जास्त तापमानाच्या कोळशाचं कौतुक असतं की तो माती सुधारतो, ते आम्ल मातीसाठी. आमची माती आधीच अल्कली बाजूला आहे, तिला अजून चुना कशाला. ५०० ची मेथी साधी होती, कोळसा न घातलेल्या कुंडीपेक्षा थोडी बरी, फार मोठा फरक नाही.

शेवटी आम्ही ५५० ठरवलं, मधल्या थर्मोकपलवर, एक तास. पाचशेच का नाही, तर ड्रममध्ये जागोजागी तीस-चाळीस डिग्रीचा फरक पडतो आणि कुठलाही कोपरा पाचशेच्या खाली राहू नये असं वाटत होतं, कारण गाळातले प्लास्टिकचे बारीक कण पाचशेच्या आसपास जवळजवळ संपतात आणि डांबरही बरंच निघून जातं. वर सहाशेकडे गेलं की पीएच चढायला लागतो.

निकाल

निकेलचं काम बंद झाल्यावर टाकीतला जुना गाळ निघून जायला दोन महिने लागले. मग कोरड्या गाळात तांबं १३०, जस्त ४८०, निकेल २२. ५५० च्या कोळशात, ५६ टक्के उतारा धरून, तांबं २३२, जस्त ८५७, निकेल ३९ आले. तिन्ही मर्यादेच्या आत, काही न मिसळता. हे मी कमिटीपुढे दोनदा वाचून दाखवलं, कारण सात महिने आम्ही भट्टीच्या तापमानावर वाद घातला आणि आकडा खाली आला तो एका मोरीमुळे.

मोठी भट्टी आता दिवसाआड चालते. रोजचा चारशे किलो केक म्हणजे शेवटी ४५ किलो कोळसा. लाकूड फक्त सुरुवातीच्या तासाभराला लागतं, मग त्याचाच वायू पुरतो, पण माल दहा टक्के ओलाव्याच्या आत असेल तरच. कोळसा सोसायटीच्या बागेत झाडांच्या आळ्यात कंपोस्टबरोबर जातो, भाजीच्या वाफ्यात नाही. विकत नाही, आणि कार्बन क्रेडिटचा विषय कमिटीने स्वतःहून सोडला.

परत करायचं झालं तर

पहिल्याच आठवड्यात धातूंची चाचणी, चेंबरनिहाय. आम्ही आधी भट्टी घेतली, मग कळलं गाळात काय आहे. दुसरं, ड्रम बनवतानाच थर्मोकपलला मध्यभागी जाणारा पाइप वेल्ड करून घेईन, नंतर भोक पाडून घातलेला नीट बसत नाही, तिथून हवा शिरते. ३५० च्या बॅचेसवर इतका वेळ घालवला नसता, नायट्रोजनचा मोह होता तो. नायट्रोजन हवा असेल तर कंपोस्ट आहे.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दिवसाला ४५ किलो म्हणजे वर्षाला सोळा टनांच्या पुढे, आणि आमच्या बागेतली आळी पहिल्याच वर्षात भरत आली. कोळसा मातीतून जात नाही, दरवर्षी त्याच झाडाला टाकता येत नाही, हा हिशोब मी सुरुवातीला कागदावर मांडलाच नव्हता. सध्या एक नर्सरीवाले करंज आणि कडुनिंबाच्या पिशव्यांत दहा टक्के घालून बघतायत, पहिली पन्नास पोती त्यांच्याकडे गेली, प्रत्येक पोत्यावर बॅच नंबर, तापमान आणि तांब्याचा आकडा मार्करने लिहून. बाकीची पोती शेडमध्ये थप्पी लावून ठेवलीत, रोपं पावसाळ्यात बाहेर लागल्यावर पानं कशी दिसतात ते बघून पुढचं ठरवू.